तोंड न लावता प्यायची पिशवी

१२ फेब्रुवारी २००८, मंगळवार

सेतूला बँकेतून मिळालेली डायरी नुसतीच पडली होती, मी घेतली. मराठीत लिहिणार. या घरात मराठी सगळे बोलतात, वाचता कुणाला येत नाही. मुलगा सेतुमाधव तमिळ आणि इंग्रजी वाचतो, सून कनका तमिळ आणि माझा चेहरा. मी बेळगावची, तिसरी पास. लग्न करून तंजावरच्या मराठी घरात आले, तिथून मैलापुरात. तेव्हा इथे वाटेल ते लिहायला मोकळी.

विषय रंजनी. माझी नात. शिकून सवरून सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मागच्या वर्षी कंपनीने अमेरिकेला पाठवली. लोक तिथून चॉकलेटं आणतात, हिने सायकल आणली, तीही अर्धी. एकच चाक. हँडल नाही, घंटी नाही. चाकावर दांडा, दांड्यावर सीट, सीटवर ही, हात हवेत. सर्कशीत अस्वलं चालवायची ती. अस्वलांवर निदान चाबूकवाला लक्ष ठेवून असायचा.

रविवारी ऑफिसातली चार टाळकी मिळून सिरुसेरीच्या मागे तळ्याच्या बांधावर, सुरूच्या बनात, लाल मातीत ही चालवतात. त्याला ऑफ-रोड म्हणतात. म्हणजे रस्ता सोडून. आमच्या गल्लीतला रस्ता बघता एवढं लांब जायची गरज नव्हती.

परवा रंजनी तिथे चक्कर येऊन पडली. उन्हात पाणी प्यायली नाही. बाटली लावायला त्या सायकलला जागा नाही, हातात धरली तर तोल जातो, म्हणून बाटली गाडीत आणि ही बांधावर. सेतूने काल निकाल दिला. पाठीवर पाण्याची नीट सोय होईल तेव्हाच सायकल. तीस मार्चला यांची मोठी राइड आहे, बांधावरून निघून थेट समुद्रापर्यंत. तोवर सोय झाली नाही, किंवा पुन्हा एकदा चक्कर आली, तर सायकल विकून टाकणार. रंजनी न जेवता उठली. तिच्या पानातलं अप्पळम, इथला पापड, मी खाल्लं, वाया कशाला घालवायचं.

पिशवीचं काम मी अंगावर घेतलं आहे. कुणी सांगितलं नाही. अशा गोष्टी मला सांगाव्या लागत नाहीत.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी कुशल आला. रंजनीच्या ऑफिसातला, तोही एकचाकीवाला. पुण्याचा असून विचारल्याशिवाय बोलत नाही.

पाण्याच्या पिशव्यांचे फोटो छापून आणले होते. इथल्या दुकानात मिळत नाहीत. तो पुढच्या आठवड्यात कंपनीच्या कामाने अमेरिकेला चालला आहे, वीस मार्चला परत. येताना आणेल. कुठली आणायची ते तोवर ठरवून कळवायचं. कागद टेबलावर पसरले. माझा चष्मा सापडेपर्यंत त्यांनी निम्म्या पिशव्या बाद केल्या होत्या. मी त्या सगळ्या परत आत घेतल्या.

बघितलं तर सोपं आहे. सॅकसारखी पिशवी, तिच्या पोटात प्लास्टिकची पिशवी, तीत पाणी. तिला नळी, नळी खांद्यावरून पुढे. दीड लिटरची, दोनची, तीनची. रंजनीचं म्हणणं, तीनची भरली की पाठ मागे ओढते, आणि एका चाकावर मागे ओढलं की माणूस थेट मातीत बसतो. छातीवर पट्टा हवा, नाहीतर पिशवी डुलते. आत पाणी डुचमळलं तरी तोल जातो, म्हणून भरताना हवा काढून टाकायची. मी म्हटलं, तोंड रुंद हवं, आत हात गेला पाहिजे, नाहीतर घासणार कशी? कुशल म्हणाला, बरोबर आहे आजी. पुण्याच्या माणसाने दुसऱ्याचं बरोबर म्हटलं, म्हणून लिहून ठेवते.

मग मी विचारलं, नळीच्या टोकाला हे काय? तो म्हणाला, रबरी बोंडू आहे, दातात धरून चोखायचं.

चोखायचं.

या घरात पेल्याला ओठ लावत नाहीत. मान मागे, पेला वर, धार तोंडात. बेळगावात आमच्याकडे असं नव्हतं, पण सासूबाईंनी, राजसबाईंनी, आल्या दिवशीच शिकवलं, आणि आता मी तंजावरकरांपेक्षा पक्की आहे. ओठ लागला की भांडं उष्टं, आणि ज्याचं उष्टं त्याचंच ते भांडं, दुसऱ्याने त्याला शिवायचं नाही. आणि ही मुलगी तासन्‌तास ते बोंडूक तोंडात घालणार, काढणार, मातीत लोळवणार, पुन्हा घालणार.

रंजनी म्हणाली, पण आजी, उष्टं माझंच ना. मी म्हटलं, अशीच सुरुवात होते.

कुशल पेल्याला तोंड लावून कॉफी प्यायला. पेला बाल्कनीत पुदिन्याच्या कुंडीत वेगळा ठेवला आहे. पुन्हा आला की त्यालाच.

१७ फेब्रुवारी, रविवार

निश्चय. ओठ न लावता पाणी पिता येईल अशी पिशवी मी स्वतः करणार. अमेरिकेने केली नाही कारण अमेरिकेत उष्टं-खरकटं नाही. शिलाई मशीन आहे, डोकं आहे, दुपार रिकामी आहे.

कनकाने विचारलं, अम्मा, तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलात का? पाण्याचा विषय निघाला की तिला मीच आठवते. मी दुपारी पाणी पीत नाही. प्यायलं की बाथरूम, आणि बाथरूममध्ये तिचे कपडे भिजत पडलेले. कॉफी सकाळी एक, संध्याकाळी एक. या वयात शरीराला पाणी लागत नाही, झाड जुनं झालं की आपलं आपण उभं राहतं.

पायात रात्री गोळे येतात. नवीन चपलेमुळे.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

सेतूची जुनी खाकी पँट कापली. त्याने विचारलं, ती जुनी कोणी ठरवली. मी म्हटलं, तुझ्या पोटाने.

आतल्या पिशवीसाठी माझी शेकायची रबरी पिशवी. दोन लिटर बसतं, बूच घट्ट. तोंड अरुंद आहे, पण ती अट दुकानातल्या पिशवीसाठी होती. नळीसाठी यांच्या आजारपणातली सलाइनची नळी माळ्यावर होती. मी वस्तू टाकत नाही. नळीला छोटं चाक आहे, फिरवलं की थेंब कमी-जास्त होतात. अमेरिकेच्या पिशवीला हे नाही.

कनका म्हणाली, ही नळी तुम्हाला चालते आणि रबरी बोंडू चालत नाही? मी तिला शांतपणे समजावलं की ही नळी हाताला लावलेली होती, तोंडाला नाही. ती उठून आत गेली. पटलं की ती उठून आत जाते.

२४ फेब्रुवारी, रविवार

पहिली टेस्ट. रंजनी हॉलमध्ये उभी, पाठीवर पिशवी, हेल्मेटला कपड्यांच्या हँगरची तार वाकवून बांधली, तिच्या टोकाला नळी, नळीचं टोक तोंडापासून वीतभर वर. ओठाचा प्रश्नच नाही. चाक फिरवलं.

काही आलं नाही.

सेतू पेपरमधून म्हणाला, पाठीवरचं पाणी वर कसं चढेल, अम्मा? मला ते माहीत होतं. मी फक्त नळी तपासत होते.

रंजनी हसली नाही. पोरगी शहाणी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कष्टाचं.

२ मार्च, रविवार

तोडगा सापडला. पिशवी पाठीवर नको, डोक्यावर हवी. मग पाणी आपोआप खाली. बायका डोक्यावर घागरी घेऊन कोसभर चालतात, तेव्हा त्यांना काय हँडल असतं? हेल्मेटवर रबरी पिशवी शिवून टाकली. बसून स्वतःवर टेस्ट केली. पहिला थेंब डोळ्यात, दुसरा नाकात, तिसरा बरोबर. माणूस शिकतो.

टेस्ट करताना मी चार थेंब प्यायले, तेवढ्याने बरं वाटलं. सकाळपासून डोकं जड होतं. पंख्याखाली बसल्यामुळे.

कुशलचा रंजनीला फोन आला, कुठली पिशवी ठरली? मी फोन घेतला आणि सांगितलं, पैसे घालवू नकोस, काम जवळजवळ झालं आहे. तो म्हणाला, हो आजी. मग बराच वेळ ती दोघं इंग्रजीत बोलली. माझ्या डिझाइनबद्दलच असणार, कारण रंजनी दार लावून बोलत होती, आणि चांगल्या गोष्टी ती तोंडावर बोलत नाही.

८ मार्च, शनिवार

गच्चीवर मोठी टेस्ट. लिहायला नको, पण लिहिते.

रंजनी म्हणत होती, आजी, आधी नुसतं चालून बघू. मी म्हटलं, समुद्रापर्यंत चालत जाणार आहेस का? भिंतीला धरून ती सीटवर चढली. हात सुटले, चाक फिरलं, चांगली चार हात गेली. मी बाजूने हुकूम दिला, आता पी. तिने मान मागे टाकली, तोंड उघडलं. मान मागे गेली की डोक्यावरचं दोन लिटर पाणीही मागे जातं, हे मला मान्य आहे. पण ते सावरायला ती पुढे झुकली, आणि मान वर असल्यामुळे पुढे काय आहे ते तिला दिसत नव्हतं.

पुढे कनकाचे वडाम होते, तांदळाच्या पापड्या. पहाटे उठून घातलेले, सेतूच्या दोन जुन्या वेष्ट्यांवर, म्हणजे धोतरांवर, रांगेत, अर्धवट वाळलेले. चाक एका टोकाकडून शिरलं आणि दुसऱ्या टोकाने निघालं. शेवटी रंजनी बसली, तीही वडामावरच. हेल्मेटची पिशवी फुटली, त्यामुळे जे वाचले होते तेही भिजले.

कनका वर आली. मी म्हटलं, गच्ची सगळ्यांची आहे, टेस्टच्या दिवशी इथे वाळवण घालायचं कारण काय? तिने रंजनीच्या कोपराची माती झटकली, मग वेष्ट्या गोळा केल्या, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटतं ती माझ्या हिमतीचा विचार करत होती.

वरून ऊन. खाली येताना जिना जरा हलला. जुनी बिल्डिंग.

९ मार्च, रविवार

सेतूने रात्रीच्या जेवणात जाहीर केलं, आता अम्माने पिशवी करायची नाही. रबरी पिशवीही गेली, शेकायलाही काही उरलं नाही, असं मी सुचवलं.

नवा निश्चय. अमेरिकेची पिशवी आणू देत. पण कुठली, ते मी ठरवणार. कुशलला रंजनीकरवी अटी कळवल्या: दोन लिटर, तोंड रुंद, छातीवर पट्टा, रंग मळ न दिसणारा, आणि बोंडूक काढून टाकता येईल अशी. रंजनीने माझ्यासमोर टाइप केलं. बराच वेळ टाइप करत होती. उत्तर लगेच आलं, ती वाचून हसली. मी विचारलं, काय म्हणतो? म्हणाली, तो म्हणतो, आजींना थँक्यू.

बघा.

१६ मार्च, रविवार

देवळाचा पंगुनी उत्सव. गर्दी एवढी की माझा पदर एकीकडे आणि मी दुसरीकडे. जागोजागी मांडव घालून ताक आणि पानकम, म्हणजे गुळाचं पाणी, वाटत होते. तो एकच पेला हजार हातांतून, आणि बाहेरगावचे लोक ओठ लावून पितात, मी स्वतः बघितलं. मी घेतलं नाही. कनका घरून बाटली घेऊन आली होती, ती पुढे केली. मी म्हटलं, इथे बाथरूम कुठे आहे ते आधी दाखव.

चार वाजता डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. उदबत्त्यांचा धूर. एका दुकानाच्या पायरीवर बसले, तर दुकानदार, पाट्टी (म्हणजे आजी), पाणी देऊ का, असं तीनतीनदा विचारायला लागला. इथल्या लोकांना दुसऱ्याच्या भानगडीत फार रस.

रंजनी रोज संध्याकाळी गच्चीवर रिकाम्या पाठीने चालवते. वीस फेऱ्या न उतरता. मी खुर्ची टाकून बसते. ती हात असे पसरते जसं कुणाला कवेत घ्यायचं आहे, आणि तोंड घट्ट मिटलेलं. ही सायकल गेली तर ही पोरगी पुन्हा ऑफिस, बस आणि टीव्ही. तिच्या आईसारखी होईल. ते मी होऊ देणार नाही.

२० मार्च, गुरुवार

कुशल विमानतळावरून घरी न जाता थेट इकडे आला. पिशवी बघायची घाई माझ्याइतकीच त्यालाही असणार. रंजनीने नवा ड्रेस घातला होता, पिशवीसाठी.

पिशवी चांगली आहे. राखाडी, दोन लिटर. छातीवर पट्टा, कमरेला पट्टा. पाठीला जाळी, म्हणजे घाम सुकतो. तोंड रुंद, माझा हात मनगटापर्यंत आत गेला. माझ्या अटी एकूणएक पाळल्या आहेत. पिशवीच्या खिशात दुकानाची पावती होती, सेतूने वाचली, म्हणाला ही तर फेब्रुवारीतच घेतलेली दिसते. तारखा अमेरिकेत उलट्या लिहितात, मी ऐकून आहे.

बोंडूक मात्र आहेच. मी स्पष्ट सांगितलं, ओठ लागलेला मला चालणार नाही. रंजनी म्हणाली, आजी, मी ते बोटांनी दाबीन आणि लांबून धार सोडीन. करून दाखवलं. बरोबर तोंडात. दुसऱ्यांदा कुशलच्या शर्टावर. दोघं फार हसली.

एवढ्या लवकर मान्य केलं याचं मला नवल वाटलं नाही. माझं बोलणं सावकाश मुरतं.

कॉफी कुशलला त्याच्या पेल्यातच दिली. त्याला पुदिन्याचा वास आला म्हणाला.

२३ मार्च, रविवार

सिरुसेरीला सराव. मी गेले नाही, रंजनी आल्यावर पिशवी तपासली. नळी हवेवर वाळत घातली होती. बोंडकावर दातांचे वण.

मी विचारलं. रंजनी म्हणाली, धक्क्याने लागले असतील.

तेव्हा ठरवलं. तीस तारखेला मी जाणार. सेतूच्या गाडीतून, बांधाच्या मध्यावर एक जागा आहे, रस्ता जवळून जातो, तिथे उभी राहून डोळ्यांनी बघणार. ओठ लागला तर तिथेच पिशवी जप्त. सेतू म्हणाला, अम्मा, तिथे सावली नाही. मी म्हटलं, मी छत्री आहे. म्हणजे छत्री घेईन.

दोन दिवस जीभ जरा जड पडते आहे. लोणचं खारट आहे.

२९ मार्च, शनिवार

उद्या. तयारी:

छत्री. टॉवेल. घड्याळ. दोन इडल्या. पाणी नाही, तिथे आडोसा नाही.

रंजनी आज एका जागी ठरत नाही. सायकल दोनदा पुसली. टायर दाबून बघितला. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, तेच. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, क्षणभर. तिच्या केसांना त्या हेल्मेटचा वास येतो. मी तिला सरळ बस म्हटलं.

सेतू वीसदा बजावतो आहे, चक्कर आली तर सायकल गेली. मला त्याचं कौतुक वाटतं, शब्दाचा पक्का, माझ्यावर गेला आहे.

१ एप्रिल, मंगळवार

परवा लिहिता आलं नाही. काल दवाखान्यात होते. लोक वाटेल ते सांगत आहेत, म्हणून खरं काय ते इथे लिहून ठेवते.

आम्ही सकाळी बांधावर पोचलो. मी मध्यावर उभी, सेतू आणि कनका गाडीत. एका बाजूला आटत चाललेलं तळं, दुसऱ्या बाजूला लाल माती, लांब त्या काचेच्या ऑफिसांच्या बिल्डिंगा. कनका दोनदा म्हणाली, आत येऊन बसा. आत बसले तर ओठ कसे दिसणार? उशीर होत होता. दोन चाकांची सायकल घेतलेले चार-पाच जण गेले, त्यांनी हात हलवला, मी त्यांच्या बाटल्या बघितल्या, सगळ्या उष्ट्या.

मग रंजनी दिसली. लांबून, बांधाच्या वळणावर, आधी हेल्मेट, मग हात. खड्डा आला, तिने उडी मारली, खरंच सांगते, त्या एका चाकाने उडी मारली आणि उतरली आणि पुढे निघाली. मागे कुशल, त्याची तेवढी चांगली नाही. तिची पाठ मुळीच डुलत नव्हती. पिशवी बरोबर बसली होती. माझी निवड.

ती जवळ यायला लागली, तिने नळी हातात घेतली. मी नीट बघायला पुढे झाले.

मी पडले नाही. मी बसले. बसताना जमीन नेहमीपेक्षा जरा लांब होती, एवढंच. आणि छत्री आपली आपण उडून तळ्यात गेली, त्यात माझा दोष नाही.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. रंजनीने सायकल फेकून दिली आणि धावली, असं कनका सांगते. कनका रडत होती म्हणे, मला खरं वाटत नाही. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या दातांत काहीतरी रबरी होतं आणि त्यातून गार पाणी येत होतं. रंजनी म्हणत होती, चावा आजी, चावा आणि ओढा. मी चावलं. मी ओढलं. थांबा थांबा म्हणाले लोक, मी थांबले नाही. सेतूच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी नळीतून फक्त आवाज येत होता.

माझी शुद्ध हरपली होती. शुद्ध नसताना केलेलं उष्टं धरत नाहीत.

पिशवी रिकामी, समुद्र अजून लांब. पाण्याशिवाय सेतू रंजनीला पुढे जाऊ देईना, आणि ती जायलाही तयार नव्हती. माझ्याबरोबर दवाखान्यात आली. सगळ्या अंगाला माती, गुडघ्यावर पॅड, तशीच. डॉक्टरीणबाईंनी मला सलाइन लावलं आणि कनकाला विचारलं, पाट्टी दिवसाला किती पाणी पितात? कनकाने या एका प्रश्नाचं उत्तर कित्येक महिने तयार ठेवलेलं असावं. सगळं सांगितलं. चपला, पंखा, उदबत्ती, लोणचं, सगळं. तिला कसं कळलं कोण जाणे, मी तर फक्त बोलले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात तहान लागत नाही, म्हणून न लागताच प्यायचं, थोडं थोडं, दिवसभर. त्या पिशवीतलं पाणी वेळेवर मिळालं म्हणून थोडक्यात निभावलं.

सेतूने तिथेच रंजनीला सांगितलं, सायकल राहू दे, विकत नाही. पिशवी कामाची आहे, हे त्याने डोळ्यांनी बघितलं. म्हणजे सायकल मीच वाचवली. हे कुणी बोललं नाही.

रात्री घरी आल्यावर रंजनीने पिशवी आणून माझ्या उशाशी ठेवली. धुतलेली, भरलेली. मी म्हटलं, ही इथे कशाला, तुझी तू घेऊन जा.

ती म्हणाली, "ज्याचं उष्टं त्याचंच भांडं, आजी. आता मी त्याला शिवायचं नाही."

दारात कनका उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने छताकडे बघितलं.

६ एप्रिल, रविवार

पिशवी घालून देवळाच्या तळ्याभोवती दोन फेऱ्या. रोज घालायची असं ठरलं आहे. कुणी ठरवलं ते माहीत नाही, माझ्याशिवाय सगळे हजर असणार.

छातीवरचा पट्टा नऊवारीवर बसतो. नळी खांद्यावरून पुढे. लोक बघतात. फुलवाली विजयलक्ष्मी म्हणाली, मामी, औषध आहे का? मी म्हटलं, अमेरिकेची आहे. तीन माम्यांनी हात लावून बघितलं. बोंडकाला लावू दिला नाही.

पायाचे गोळे गेले. चपला सैल झाल्या असतील.

रंजनी आज समुद्रापर्यंत गेली. कुशलने स्वतःसाठी आणलेल्या पिशवीतून दोघंही प्यायली असणार, दुसरी पिशवी होतीच कुठे. मी काही बोलले नाही, माझ्या तोंडात नळी होती.

रंजनीसाठी नवी पिशवी आणायची आहे. कुशलचा कुणी मित्र अमेरिकेहून येतो आहे. आत्ता हॉलमध्ये सगळे कागद पसरून बसले आहेत, कनकासुद्धा. दीड लिटरची की दोनची यावर चाललं आहे. कुठली घ्यायची ते मला अजून कुणी विचारलेलं नाही.

विचारतील.